हर्मिट क्रॅबचे पाय वारंवार गळतायत? आधी टाकी तपासा, मग खेकडा

उन्हाळ्यात न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर, बोर्डवॉकवर फिरायला गेलेली मराठी कुटुंबं परत येताना हमखास एक हर्मिट क्रॅब, म्हणजे रिकाम्या शंखात राहणारा खेकडा, घेऊन येतात. शंखावर सुपरहिरोचं चित्र, सोबत तारेचा पिंजरा, एक स्पंज आणि चिमूटभर खाद्य. मग शाळा सुरू होतात, घरातली हीटिंग चालू होते आणि फोन यायला लागतात : "मावशी, ह्याचा अजून एक पाय पडला. पहिला तर अजून आलाच नाहीये."

सगळ्यांना तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते. हे सगळं त्या दुकानांत मिळणाऱ्या कॅरिबियन जमिनीवरच्या खेकड्याबद्दल आहे : जांभळट डेंग्याचा, शास्त्रीय नाव सिनोबिटा क्लिपिएटस. रत्नागिरी-मालवणच्या खडकांवर ओहोटीला डबक्यांतून तुरुतुरु पळणारे शंखातले खेकडे वेगळे. ते समुद्राच्या पाण्यातले, त्यांना बाटलीत भरून घरी आणूच नये.

मुळात पाय गळणं हा रोग नाही. खेकडा तो पाय स्वतः टाकतो. शत्रूने पकडलं, जखम झाली किंवा शरीराला सोसेनासं झालं की पाय सोडून जीव वाचवायचा, ही त्याची ठरलेली रीत. म्हणून गळणाऱ्या पायावर औषध शोधण्यात अर्थ नाही. त्याला पाय टाकावासा का वाटतोय हे शोधायचं, आणि ते कारण बहुतेक वेळा टाकीत सापडतं.

पडलाय तो पाय आहे की कात?

निम्मी घबराट इथेच संपते. टाकीत पडलेला तुकडा चिमट्याने उचला आणि उजेडासमोर धरा. कात असेल तर ती कागदासारखी हलकी, आतून पोकळ असते आणि दाबली की चुरते. खरा पाय वजनाला जड लागतो, आत मांस असतं, एक-दोन दिवसांत वास यायला लागतो. शंखाबाहेर अख्खा खेकडा, डोळ्यांच्या देठांसकट, निपचित पडलेला दिसला तरी लगेच कचऱ्यात टाकू नका. कितीतरी जिवंत खेकडे असे फेकले गेलेत. ती बहुतेकदा कात असते आणि मूळ मालक शंखात आत मऊ होऊन बसलेला असतो. मेलेल्या खेकड्याला सडक्या मासळीचा असा वास येतो की शंका उरत नाही.

कुठून तुटलाय?

पाय असल्याचं नक्की झालं तर तुटलेली जागा बघा. खेकड्याच्या प्रत्येक पायाला अंगालगतच्या सांध्याजवळ एक ठरलेली तुटायची रेघ असते. स्नायू आवळून तो तिथेच पाय मोडतो, आतल्या बाजूला एक पातळ पडदा असतो तो भोक बंद करतो, आणि रक्त जवळजवळ जात नाही. पाय मुळापासून, स्वच्छ तुटला असेल तर तो त्याने स्वतः टाकलाय. मधूनच, मांडीसारख्या लांब भागात, वेडावाकडा तुटला असेल तर कुणीतरी चावलंय किंवा पाय कुठेतरी अडकलाय. अशा वेळी उरलेला तुकडाही तो थोड्या वेळाने टाकून देतो, कारण मधल्या जखमेतून रक्त वाहत राहतं आणि मुळाशी ते थांबतं. तेव्हा एका जखमेनंतर "पाय दोनदा पडला" असं वाटलं तर ती दुसरी वेळ नव्हे, पहिलीचाच शेवट.

फक्त नखाचं काळं टोक झिजलं असेल तर सोडून द्या. पुढच्या कातेत येतं.

कोणता पाय गेलाय?

बाहेर सहाच दिसतात म्हणून लोक सहाच मोजतात, पण पाय दहा असतात. पुढचे दोन डेंगे, त्यांच्यामागे चालायचे चार, आणि शंखाच्या आत राहणारे बारके चार. प्रत्येकाचं काम वेगळं, त्यामुळे कोणता गेलाय त्यावर पुढचे काही आठवडे कशाची काळजी घ्यायची ते ठरतं.

डावा डेंगा मोठा असतो. तो दाराचं काम करतो : खेकडा आत गेला की हा डेंगा आणि त्याच बाजूचा चालायचा मागचा चपटा पाय मिळून शंखाचं तोंड बंद होतं. चढायला, पकडायला, दुसऱ्याला दटावायलाही तोच. हा गेला तर खेकडा उघड्या दाराने जगतोय असं समजा. आतला ओलावा पटकन उडतो आणि टाकीतला दांडगा भिडू त्याला सहज ओढून काढू शकतो, म्हणून त्याला आधी वेगळं करा. उजवा डेंगा छोटा, खाण्याचा. घास तोडून तोंडाकडे नेणं, पाणी उचलून पिणं त्यानेच. कधी निवांत बसून बघा, जेवताना त्याचं हे काम चालू असतं तेव्हा डावा नुसता टेकवून ठेवलेला असतो. उजवा गेला तर खाणं बारीक कुटून, पसरट झाकणात, तो बसतो तिथे जवळ ठेवा. दोन्ही डेंगे गेले तरी खेकडा जगू शकतो, पण मग जेवणपाण्याची सोय तुम्हाला करावी लागते.

चालायच्या चारांपैकी एक गेला तर त्याला फारसा फरक पडत नाही. दोन एकाच बाजूचे गेले तर शंख ओढताना तो गोल गोल फिरतो, उंच लाकडावर चढून पडतो. लाकडं काही दिवस काढून ठेवा.

आतले चार आपल्याला दिसत नाहीत. त्यातली पुढची जोडी शंखाच्या भिंतीला खरखरीत पॅडने धरून ठेवते. शेवटची जोडी कल्ले साफ करते आणि आतली घाण बाहेर काढते. शेपटाच्या टोकाला आणखी एक आकडीसारखा अवयव असतो, तो शंखाच्या मधल्या खांबाला अडकतो. याच कारणासाठी खेकड्याला शंखातून कधीही ओढू नका. तो सोडत नाही, फाटतो. पाय गळतायत म्हणून "आत काही जखम आहे का बघूया" असं म्हणत ओढणारे लोक मी पाहिलेत.

वारंवार गळतायत तर कारण काय?

आणल्यापासून पहिल्या महिना-दीड महिन्यात पाय गळत असतील तर दोष बराचसा तुमच्या आधीचा आहे. या जातीची पिल्लं समुद्रात वाढतात, घरच्या टाकीत त्यांची पैदास करणं फार अवघड, त्यामुळे दुकानातले खेकडे किनाऱ्यावरून पकडून आणलेले असतात. प्रवास, उपासमार, कोरडी हवा आणि कधी मूळ शंखातून काढून रंगवलेल्या शंखात घालणं, एवढं सोसून ते तुमच्यापर्यंत पोचतात. सगळं नीट करूनही यातले काही वाचत नाहीत, हे मुलांना आधीच सांगून ठेवलेलं बरं. पण सगळं नीट केलं तर बरेच वाचतात, आणि नीट सांभाळलेला खेकडा ३० वर्षांहून जास्त जगू शकतो.

सुरुवात दमटपणापासून करा, कारण माझ्या अनुभवात दहातल्या सात-आठ तक्रारी इथेच मिटतात. हा प्राणी कल्ल्यांनी श्वास घेतो. कल्ले ओले असतील तरच हवेतला प्राणवायू घेता येतो. तारेच्या पिंजऱ्यात, हीटिंग चालू असलेल्या घरात, हवेतला दमटपणा २५-३० टक्क्यांवर येतो. खेकड्याला हवा असतो ८० टक्क्यांच्या आसपास, ७५ च्या खाली नाहीच. तो गुदमरतो, पण हळूहळू, काही आठवडे घेत. मध्येमध्ये एकेक पाय टाकतो. स्पंज ओला करून ठेवल्याने काही होत नाही. जाळीतून सगळा ओलावा निघून जातो. पिंजरा टाकून द्या, जुनी १० गॅलनची काचेची टाकी आणा, वर काच नाहीतर प्लॅस्टिकचं बंद झाकण. जाळीचं झाकण असेल तर तूर्त त्यावर क्लिंग रॅप ताणून लावा. रोज झाकण उघडताना जेवढी हवा आत जाते तेवढी पुरते.

आता दमटपणा मोजायचा मीटर. दुकानात काट्याचा गोल मीटर मिळतो, तो शोभेचा समजा. डिजिटल घ्या आणि तोही आधी पारखून घ्या. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घाला, वर थोडे थेंब पाणी. मीठ ओलसर गोळा झालं पाहिजे, विरघळता कामा नये. ते झाकण आणि मीटर झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. ओल्या मिठाभोवतीच्या बंद हवेचा दमटपणा ७५ टक्क्यांवर येऊन थांबतो, त्यामुळे सकाळी मीटरने ७५ दाखवायला हवं. ६८ दाखवत असेल तर तुमचा मीटर ७ ने कमी सांगतो, तेवढे मिळवून वाचत जा. हे न करता "आमच्याकडे तर ८० आहे" म्हणणाऱ्यांचं मी आताशा मनावर घेत नाही.

उष्णता २४ ते २९ अंश सेल्सिअस, अमेरिकन आकड्यांत ७५ ते ८५ फॅरनहाइट. दमटपणा ८० आणि फॅरनहाइट ८० असं लक्षात ठेवलं की झालं. हीट मॅट लावायची ती टाकीच्या मागच्या काचेला, वाळूच्या पातळीच्या वर. खाली लावली तर वाळू सुकते आणि खाली पुरून बसलेला खेकडा भाजतो. पाय गळण्याच्या कारणांत हेही एक आहे, आणि ते वरून दिसत नाही.

पाणी दोन प्रकारचं लागतं, गोडं आणि खारं, दोन्ही खेकडा बुडेल एवढं खोल, बाहेर यायला गोट्या ठेवलेलं. नळाचं पाणी क्लोरिन काढायचं औषध घालूनच वापरा. रात्रभर उघडं ठेवून भागत नाही, कारण अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन असतं, ते उडून जात नाही. खाऱ्या पाण्याला मत्स्यालयाचं समुद्री मीठ हवं. स्वयंपाकाच्या मिठात समुद्राचे बाकीचे क्षार नसतात.

आणि तांब्याच्या भांड्यातलं पाणी नको. खेकड्याच्या रक्तात तांबं असतं, म्हणून हे पाणी चांगलं, असा तर्क मी ऐकलाय. रक्तात तांबं असतं हे खरं आहे, पण पाण्यात विरघळलेलं जास्तीचं तांबं कवचधारी प्राण्यांना विष आहे.

विषाचा विषय निघालाच आहे तर : डासांची लिक्विड मशीन, झुरळांचा स्प्रे, मुंग्यांचा खडू. यांत बहुधा पायरेथ्रॉइड गटातली औषधं असतात आणि ती कीटकांइतकीच खेकड्यांनाही मारतात. दोघेही सांधेवाल्या पायांचेच प्राणी आहेत. एका रात्रीत तीन-चार पाय गळाले, खेकडा शंखाबाहेर लोंबकळतोय, असं दिसलं तर पहिला प्रश्न हाच विचारा की घरात काय फवारलं. टाकीत बारीक पांढरे-तपकिरी किडे फिरताना दिसले तरी औषध मारायचं नाही. जुनं खाणं काढा, वाळू बदला. टाकी देवघराशेजारी असेल तर तीही हलवा, उदबत्तीचा धूर कल्ल्यांना लागतो.

एकापेक्षा जास्त खेकडे असतील आणि पाय चावल्यासारखे तुटत असतील, तर भांडण शंखासाठी आहे. एक जण दुसऱ्याच्या शंखावर चढून तो हलवत, ओढत बसतो. त्यांना वेगळं करणं हा तात्पुरता उपाय. खरा उपाय म्हणजे प्रत्येक खेकड्यामागे तीन-चार रिकामे शंख, न रंगवलेले, गोल तोंडाचे, तोंड त्याच्या मोठ्या डेंग्यापेक्षा किंचित मोठं. उजव्या वळणाचेच घ्या, त्यांचं पोट त्याच वळणाचं असतं. एरवी भांडखोर वाटणारा खेकडा मनासारखा शंख मिळाला की गप्प होतो.

नवा पाय कधी येतो?

पाय परत येतो, हे मच्छीमारांना पूर्वीपासून माहीत होतं. रेओमुर या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने, ज्याच्या नावाची तापमानाची श्रेणी आहे त्याने, १७१२ साली गोड्या पाण्यातल्या क्रेफिशवर प्रयोग करून ते लिहून ठेवलं. पण तो पालीच्या शेपटीसारखा रोज थोडा थोडा वाढत नाही, आणि इथेच सगळ्यांचा धीर सुटतो.

पाय गळाल्यावर आधी तिथे काळपट खपली धरते. पुढे बरेच दिवस काहीच दिसत नाही. मग एके दिवशी त्या जागी भिजवलेल्या साबुदाण्यासारखा एक अर्धपारदर्शक फुगवटा दिसतो. पाळणारे लोक याला जेल लिंब म्हणतात. तो हळूहळू लांबट होतो, आत घडी घातलेला पाय असतो, नीट पाहिलं तर सांध्यांच्या रेघा आणि टोकाला रंग उतरलेला दिसतो. पण तो पाय उलगडतो कात टाकतानाच. वरचं कवच कडक, ते वाढत नाही. जुनं उतरलं आणि नवं अजून मऊ आहे, तेवढ्याच वेळात घडी उघडून पाय सरळ होतो. कात टाकली नाही तर पाय नाही.

म्हणून "सहा महिने झाले, पाय आला नाही" या तक्रारीला माझा उलट प्रश्न असतो : सहा महिन्यांत कात टाकली का? बहुतेकदा टाकलेली नसते, कारण टाकायला जागाच नसते. तारेच्या पिंजऱ्यात तळाला रंगीत खड्यांचा दोन बोटं थर असतो. खेकड्याला पूर्ण पुरून घ्यायचं असतं. त्याला किमान १५ सेंटीमीटर, मोठ्या खेकड्याला त्याच्या उंचीच्या तिप्पट खोल थर लागतो. पाच भाग खेळायची वाळू आणि एक भाग कोकोपीट, पाणी घालून एवढं ओलं की मुठीत दाबलं तर गोळा राहतो पण पाणी गळत नाही. बोट घालून काढलं की भोक तसंच राहिलं पाहिजे. भोक ढासळलं तर खेकड्याचं भुयारही ढासळणार.

जेल लिंब दिसला, खेकडा सुस्तावला, पाण्यात जास्त बसायला लागला, खणायला लागला, की समजायचं वेळ जवळ आलीय. बरेच पाय एकदम गेले असतील तर शरीर कात लवकर आणतं. उलट कातेच्या अगदी तोंडावर पाय गेला तर तो त्या खेपेला येत नाही, पुढच्या खेपेची वाट बघावी लागते. एकाच वेळी गेले असं वाटलेल्या दोन पायांपैकी एक आला आणि एक नाही, असंही होऊ शकतं. म्हणजे दुसरा बहुधा नंतर गेला होता, तुम्हाला तेव्हा कळलं नाही.

एकदा तो खाली गेला की खणून बघायचं नाही. लहान खेकडा महिना ते दोन महिने खाली राहतो, मोठा तीन-चार महिनेसुद्धा. मुलं रोज विचारतील, मोठ्यांचेही हात शिवशिवतील. खणलं तर भुयार मोडतं, मऊ पाय वाकडे होतात, आणि नुकते उलगडलेले पाय पुन्हा गळतात. वास आला तरच खणा, आणि तोही वाळूजवळ नाक नेऊन खात्री केल्यावर. दुसरे खेकडे कात टाकणाऱ्याला खणून काढून खातात, म्हणून जास्त खेकडे तर जास्त खोली, जास्त जागा.

कुणी वरच, वाळूवर कात टाकली तर त्याला हलवू नका. दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली अर्धी कापून, भोकं पाडून, त्याच्यावर उपडी ठेवा आणि कडा वाळूत खुपसा. वर काळा कपडा टाका. कात त्याच्याजवळच राहू द्या. तो ती खातो, नव्या कवचाचं कॅल्शियम त्यातून भरून काढतो. "घाण" म्हणून कात उचलणाऱ्या घरांत पुढचे पाय कमकुवत येतात ते यामुळे.

खायला काय?

गोळ्यांचं तयार खाद्य बाजूला ठेवा, पाय बांधायला त्याला प्रथिनं आणि कॅल्शियम हवं. यात मराठी घराला काही विकत आणावं लागत नाही. सुका जवळा, बिनमिठाचा, एकदा धुऊन. खारवलेली सुकी मासळी नको. ओलं खोबरं त्यांना भारी आवडतं, कॅरिबियन बेटांवरही ते पडलेल्या नारळावर तुटून पडतात. अंड्याचं टरफल उकळून, वाळवून, भुकटी करून. आणि समुद्रफेण, आजीच्या बटव्यातला, तो म्हणजे कटलफिशचं आतलं कवच, जवळजवळ निखळ कॅल्शियम. त्याचा तुकडा टाकीत ठेवून दिला की ते हवं तेव्हा कुरतडतात. फोडणीचं, तिखट-मीठ घातलेलं काही देऊ नका.

नवा पाय आला, पण बारीक आहे

हे ठीक आहे. पहिल्या खेपेला पाय साधारण जुन्याहून लहान आणि फिकट येतो, विशेषतः मोठा डेंगा. दोन-तीन काती गेल्या की बरोबरीला येतो. वर आल्यानंतर पहिले काही दिवस तो पाय टेकवताना खेकडा चाचरतो, शंख थोडा तिरका ओढतो. त्या काळात त्याला हातात घेऊ नका, टाकी धुऊ नका, नवीन भिडू आणू नका. खाऱ्या पाण्याची वाटी भरलेली आहे आणि मीटरचा आकडा ७५ च्या वर आहे एवढं मात्र रोज बघा. वाकडा उगवलेला पाय सरळ करायला जाऊ नका, तो पुढच्या कातेत सुधारू शकतो. तुमच्या हाताने मोडला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.